‘स्ट्रू’ म्हणजे विखुरणे की अंथरणे? एका इंग्रजी क्रियापदाचा अर्थ आणि त्याचे मूळ

आगरातली (केळशी, तालुका दापोली)

नमस्कार. गेला आठवडाभर एका इंग्रजी क्रियापदापाशी मी अडून बसले आहे. इथे भाषेचा अभ्यास असलेली बरीच मंडळी आहेत, म्हणून प्रश्न थोडा सविस्तर मांडते.

माझ्या भावाची मुलगी परदेशात वाढली आहे. तिने शाळेसाठी आमच्या केळशीच्या घरावर इंग्रजीत एक निबंध लिहिला. आईला, म्हणजे तिच्या आजीला, तो वाचायचा आहे, म्हणून मी त्याचे मराठी करते आहे. त्यात ‘स्ट्रू’ या क्रियापदाचे ‘स्ट्रून’ हे रूप तीन ठिकाणी आले आहे. पहिल्या ठिकाणी विहिरीकडे जाणाऱ्या पाखाडीवर पडलेल्या बकुळीच्या फुलांचे वर्णन आहे. दुसऱ्या ठिकाणी गोठ्यात गुरांच्या पायांखाली असलेल्या सुक्या पानांचे आहे. तिसरे वर्णन निसर्ग चक्रीवादळाच्या दुसऱ्या दिवशीचे आहे, म्हणजे ४ जून २०२० चे, जेव्हा आमच्या आगरातल्या पोफळी एकीवर एक आडव्या झाल्या होत्या. ते तिने प्रत्यक्ष पाहिलेले नाही, आम्ही पाठवलेल्या फोटोंवरून लिहिले आहे, पण लिहिले आहे अगदी नेमके.

शब्दकोशात ‘स्ट्रू’ला विखुरणे, पसरणे, पखरणे असे अर्थ दिलेले दिसतात. त्यातला पहिला घेऊन मी तिन्ही वाक्यांत ‘विखुरलेला’ लिहिले आणि आईला वाचून दाखवले. गोठ्याच्या वाक्याशी ती थांबली आणि म्हणाली, “अगो, गोठ्यात पातेरा विखुरलेला नसतो, घातलेला असतो. विखुरलेला पातेरा अंगणात असतो, आणि तो आपण झाडून काढतो.”

तिचे म्हणणे मला तिथल्या तिथे पटले, पण मग बाकीच्या दोन वाक्यांचीही शंका येऊ लागली. या इंग्रजी क्रियापदाचा नेमका अर्थ काय, ते मूळचे कुठले, आणि ‘स्कॅटर’पेक्षा ते वेगळे कशाने ठरते, हे कोणी नीट सांगेल का?

किनाराकाठ (मालवण)

आपल्या आईंनी दोन वाक्यांत जो फरक दाखवला, तोच या दोन इंग्रजी क्रियापदांमधला फरक आहे. मी बरीच वर्षे इंग्रजी शिकवतो आहे आणि मुलांना हा भेद समजावताना मला पुष्कळ उदाहरणे द्यावी लागतात. गोठा आणि अंगण ही जोडी मात्र मला कधी सुचली नव्हती.

‘स्कॅटर’ म्हणताना बोलणाऱ्याचे लक्ष वस्तूंवर असते. एकत्र असलेल्या वस्तू एकमेकींपासून दूर गेल्या, चहूकडे उडाल्या, पांगल्या, हे त्यात महत्त्वाचे. म्हणून पक्ष्यांचा थवा, जमलेली माणसे किंवा ढग यांच्यासाठी ‘स्कॅटर’ चालते. ‘स्ट्रू’ म्हणताना लक्ष जमिनीवर असते. कुठलातरी पृष्ठभाग वस्तूंनी, सुट्या सुट्या का होईना, पण झाकला गेला, हे त्यात महत्त्वाचे. म्हणून माणसांचा जमाव ‘स्ट्रू’ होत नाही, कारण त्याला खाली कुठलीतरी भुई लागते. रस्ता, अंगण, टेबल, बिछाना, किनारा असे काहीतरी वाक्यात असावे लागते, किंवा निदान मनात तरी गृहीत असते.

व्याकरणातही हे दिसते. ‘वाटेवर फुले स्ट्रू केली’ आणि ‘वाट फुलांनी स्ट्रू केली’ या दोन्ही रचना इंग्रजीत चालतात. दुसऱ्या रचनेत वाटच कर्म होते, म्हणजे क्रिया वाटेवर घडते. तुमच्या भाचीने तिन्ही वाक्ये याच दुसऱ्या धाटणीची लिहिली आहेत, आणि आजच्या इंग्रजीत हे क्रियापद बहुतेक वेळा असेच, ‘स्ट्रून’ या भूतकालवाचक विशेषणाच्या रूपात भेटते.

‘स्कॅटर’बद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. इंग्लंडमधल्या पीटरबरो इथल्या मठात लिहिल्या गेलेल्या बखरीत, ११३७ सालच्या नोंदीत, हे क्रियापद अगदी सुरुवातीच्या वापरांपैकी एका वापरात सापडते. तिथे ते फुलापानांसाठी आलेले नाही. स्टीफन राजाने खजिना मूर्खपणाने वाटून टाकला आणि उधळला, असे ते वाक्य आहे. ‘स्कॅटर’ची ही उधळपट्टी आपल्या ‘पैसा उधळणे’च्या किती जवळची आहे ते पाहा. ‘शॅटर’, म्हणजे फुटून तुकडे होणे, हे ‘स्कॅटर’चेच जुळे भावंड मानतात. ‘स्ट्रू’च्या घरात असे फुटणे किंवा उधळणे नाही.

उच्चाराबद्दल थोडक्यात: हे क्रियापद ‘स्ट्रू’ असेच म्हणावे. जुन्या कवितांत ‘स्ट्रो’ असे रूपही आढळते, आणि ते याच क्रियापदाचे आहे.

धातुवेध (रत्नागिरी)

मूळ कुठले, हा प्रश्न माझ्या आवडीचा असल्यामुळे सविस्तर लिहितो. या क्रियापदाचा आपल्याशी रक्ताचा संबंध आहे आणि तो शब्दशः आपल्या अंथरुणापर्यंत येतो.

जुन्या इंग्रजीत हे क्रियापद ‘स्ट्रेओवियन’ असे होते. जर्मनमध्ये आजही ‘श्ट्रॉयेन’ आहे, डचमध्ये ‘स्ट्रोयेन’ आहे. याच कुळात ‘स्ट्रॉ’, म्हणजे पेंढा, हे नाम येते, आणि त्याचा मूळ अर्थच ‘जे अंथरले जाते ते’ असा आहे. पेंढ्याला त्या लोकांनी नाव दिले ते त्याच्या रंगावरून नव्हे, रूपावरूनही नव्हे, त्याच्या कामावरून दिले. यांच्या मागे ‘पसरणे, अंथरणे’ या अर्थाचे जे आदिम मूळ भाषाशास्त्रज्ञ मानतात, त्याचा लॅटिनमध्ये ‘स्टर्नेरे’ झाला, ग्रीकमध्ये ‘स्टोर्नूमि’ झाला आणि संस्कृतमध्ये स्तृ हा धातू झाला, ज्याची ‘स्तृणोति’ आणि ‘स्तृणाति’ ही रूपे आपण वाचतो.

धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची अर्थांसह दिलेली जुनी यादी, या धातूचा अर्थ काय सांगते ते आता पाहा. ‘स्तॄञ् आच्छादने’. म्हणजे झाकणे. विखुरणे या अर्थासाठी धातुपाठात दुसराच धातू आहे, ‘कॄ विक्षेपे’, ज्यापासून आपले प्रकीर्ण, विकीर्ण, विकिरण हे शब्द झाले. एक आच्छादन, दुसरा विक्षेप. किनाराकाठ यांनी ‘स्ट्रू’मध्ये लक्ष भुईवर असते आणि ‘स्कॅटर’मध्ये वस्तूंवर असते असे म्हटले, तोच भेद या दोन शब्दांत मांडलेला आहे. ‘कॄ’ आणि ‘स्कॅटर’ यांचे कूळ एक आहे असे मी म्हणत नाही, फक्त अर्थाची विभागणी सारखी आहे. ‘स्तृ’ आणि ‘स्ट्रू’ यांचे मात्र कूळही एकच आहे.

स्तृ धातूला ‘आ’ उपसर्ग लागून आस्तरण झाले, प्राकृतात त्याचे अत्थरण झाले आणि मराठीत अंथरणे, अंथरूण झाले. मधला अनुस्वार मूळ शब्दात नाही, तो ‘उच्च’चे ‘उंच’ होताना आला तसा आपोआप आलेला आहे. ‘वि’ उपसर्ग लागून विस्तार, विस्तृत, विस्तीर्ण झाले. इथे पाणिनीने एक सुंदर भेद नोंदवला आहे: वस्तूच्या पसरण्याला विस्तार म्हणावे आणि शब्दांच्या पसरण्याला विस्तर. म्हणून आपण शेतीचा विस्तार म्हणतो, पण हकीकत ‘सविस्तर’ सांगतो, आणि आगरातलीताईंनीही पहिल्याच परिच्छेदात तो शब्द अचूक वापरला आहे. थर या अर्थाचा ‘स्तर’ आणि त्याच अर्थाचा लॅटिन ‘स्ट्राटुम’ हे तर एकाच मुळाचे दोन अंकुर आहेत.

‘स्ट्रीट’ची गोष्ट राहिली. रोमन लोक दगड अंथरलेल्या रस्त्याला ‘विआ स्ट्राटा’, म्हणजे अंथरलेली वाट, म्हणत. त्यातला विशेषणाचा भाग जर्मानिक भाषांनी फार पूर्वी उचलला आणि इंग्रजीत त्याचा ‘स्ट्रीट’ झाला. केळशीच्या पाखाडीवर जांभ्याचे चिरे बसवलेले असतील. त्या पाखाडीचे वर्णन कोणा रोमन माणसाने केले असते, तर त्याने तिला स्ट्राटाच म्हटले असते. म्हणजे तुमच्या पहिल्या वाक्यात आधी चिरे अंथरले गेले आणि मग त्यांच्यावर बकुळ.

शब्दचाळण (अलिबाग)

फार माहितीपूर्ण धागा आहे. मला तीन शंका आहेत. गवत या अर्थाचा ‘तृण’ हा शब्द ‘स्तृणाति’शी जोडता येईल का, कारण अंथरायला गवतच वापरतात? आकाशात पसरलेले म्हणून ‘स्टार’ आणि ‘तारा’ हेही यातलेच का? आणि आपले ‘पसरणे’ हे याच धातूचे असणार, असे मी आजवर समजत आलो आहे, ते बरोबर आहे का?

धातुवेध (रत्नागिरी)

तिन्ही शंका स्वाभाविक आहेत, आणि तिन्हींचे उत्तर नकारार्थी आहे.

‘तृण’चा इंग्रजी भाऊ ‘थॉर्न’, म्हणजे काटा. गवताचे टोचणारे पाते हा तिथला मूळ भाव असावा असे मानतात, आणि स्तृ धातूशी त्याचे नाते नाही. ‘स्टार’ आणि ‘तारा’ हे एकमेकांचे सख्खे आहेत, वेदात ताऱ्यांसाठी ‘स्तृभिः’ असे रूपही येते. या साम्यामुळे पूर्वी काहींनी ते आकाशात अंथरलेले म्हणून तारे असे सुचवले होते, पण आज तो धातू वेगळा धरतात.

‘पसरणे’ हे ‘प्र’ आणि ‘सृ’ यांच्यापासून, म्हणजे प्रसरति या रूपापासून आले आहे. सृ म्हणजे सरणे, वाहणे. ज्याला स्वतःची गती आहे ते पसरते: पाणी पसरते, बातमी पसरते, रोग पसरतो. अंथरायला मात्र कोणीतरी हात लावावा लागतो. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ या म्हणीत हे दोन्ही धातू शेजारी शेजारी उभे आहेत आणि प्रत्येक जण आपापले काम करतो आहे. त्या म्हणीत ‘अंथरूण पाहून पाय अंथरावे’ असे कोणी म्हणणार नाही.

या निमित्ताने ‘प्रस्तर’चा प्रवास सांगतो, कारण कोकणात जांभ्याच्या खाणींजवळ राहणाऱ्या आपल्याला तो विशेष जवळचा वाटावा. वेदात प्रस्तर म्हणजे यज्ञासाठी अंथरलेली दर्भाची जुडी. पुढे पानांची शय्या, मग सपाट पृष्ठभाग, मग सपाट खडक, आणि शेवटी कोणताही दगड, असा तो अर्थ सरकत गेला. हिंदीतला पत्थर त्याचाच आणि आपल्या ‘पाथरवट’मधला पाथर त्याचाच. रस्त्याकडेला बसणाऱ्या विक्रेत्याची ‘पथारी’सुद्धा याच घरची. गवतापासून निघालेला शब्द दगडापर्यंत पोचला आणि वाटेत त्याने बिछानाही दिला.

भाजावळ (लांजा)

मी शेतकरी आहे, व्याकरणाचा अभ्यास नाही, पण ताईंच्या आईंचे बोलणे वाचून लिहावेसे वाटले.

आमच्याकडे भाताचा तरवा, म्हणजे रोपे, करण्याआधी जमीन भाजतात, तिला भाजावळ म्हणतात, आणि माझे इथले नाव त्यावरूनच आहे. त्यात आधी शेण पसरतात, त्यावर झाडांची तोडलेली कवळ रचतात, तिच्यावर गवत किंवा पातेरा अंथरतात आणि सगळ्यात वर बारीक माती भुरभुरवतात. मग वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवतात, म्हणजे आग भडकत नाही, जमीन सावकाश भाजत जाते. एकाच वाफ्यावर, एकाच सकाळी, एकच माणूस हे काम करतो आणि चार थरांसाठी चार क्रियापदे वापरतो. शेण कोणी अंथरत नाही, कवळ कोणी भुरभुरवत नाही. वस्तू ओली आहे की सुकी, जड आहे की हलकी, तिला हाताने दाबावे लागते की नुसती सोडली तरी बसते, यावर शब्द ठरतो. इंग्रजीत या चौघांसाठी ‘स्ट्रू’ चालेल का, हे जाणकारांनी सांगावे.

गोठ्यातल्या पातेऱ्याबद्दल थोडे अधिक. पावसाळ्याआधी रानातून पातेरा झापात भरून आणतात आणि गोठ्यापाशी साठवून ठेवतात. रोज संध्याकाळी गुरांच्या खाली नवा थर पडतो. त्याने शेणमूत शोषले जाते, गुरांना कोरड्यात बसायला मिळते, आणि तोच थर काढून गायरीत, म्हणजे शेणखताच्या खड्ड्यात, टाकला की त्याचे खत होते. म्हणजे तो पातेरा एका अर्थी गुरांचे अंथरूणच असतो. त्याला विखुरलेला म्हटले तर काम करणाऱ्याचे काम नाहीसे झाल्यासारखे वाटते. आईंना तेच खटकले असावे.

आणि एक. भाताचे बी मुठीने फेकून पेरतात, त्याला इंग्रजी पुस्तकांत ‘ब्रॉडकास्ट’ म्हणतात. हा रेडिओचाच शब्द ना?

किनाराकाठ (मालवण)

आधी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर. हो, शब्द तोच आहे, पण क्रम उलटा आहे. मुठीने बी चहूकडे फेकण्यासाठी हा शब्द अठराव्या शतकापासून वापरात होता, आणि १९२० नंतरच्या काळात रेडिओने तो शेताकडून उसना घेतला. 

चार थरांपैकी पातेरा आणि माती यांना ‘स्ट्रू’ सहज चालेल. शेणाला चालणार नाही, कारण ‘स्ट्रू’ला सुटे सुटे काहीतरी लागते. कवळ रचली तर चालणार नाही, नुसती सोडून दिली तर चालेल. वस्तू सुटी हवी, ती सैल हाताने पडलेली हवी, आणि खालची भुई झाकली गेली पाहिजे. या तीन गोष्टी एकत्र आल्या की तिथे ‘स्ट्रू’ बसते.

भाजावळ यांनी पातेऱ्याला गुरांचे अंथरूण म्हटले, त्यावरून इंग्रजीतल्या दुसऱ्या एका शब्दाची आठवण झाली. ‘लिटर’ म्हणजे कचरा, हे आज शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. पण हा शब्द लॅटिनमधल्या ‘लेक्टुस’, म्हणजे बिछाना, या शब्दापासून निघाला आहे. आधी तो माणसाचा बिछाना होता, मग गोठ्यात जनावरांखाली घातलेला पेंढा झाला, आणि अठराव्या शतकात कुठेही अस्ताव्यस्त पडलेल्या कचऱ्याला तो शब्द लागू झाला. एका वेळी जन्मलेल्या पिल्लांनाही ‘लिटर’ म्हणतात, तेही त्या पेंढ्यावरूनच.

मला यात फार महत्त्वाचे काही दिसते. अंथरलेले आणि विखुरलेले यांच्यातली सीमा भाषेत पक्की राहत नाही. पेंढा अंथरला तेव्हा तो कोणाच्या तरी उपयोगाचा होता. तोच पेंढा चार दिवसांनी तुडवला गेला, वाऱ्याने हलला, की पाहणाऱ्याला तो पसाऱ्यासारखा दिसतो. ‘स्ट्रू’चेही तसेच झाले. पूर्वी त्यात माणसाचा हात आणि हेतू असे. आजच्या वर्तमानपत्री इंग्रजीत अपघातानंतर रस्त्यावर पडलेल्या काचांसाठी किंवा मुलाने खोलीभर टाकलेल्या खेळण्यांसाठी ते सर्रास वापरतात, आणि तिथे अंथरण्याचा हेतू कुठेच नसतो. म्हणून धातुवेध यांची व्युत्पत्ती मला पूर्ण मान्य असली, तरी मूळ ‘अंथरणे’ आहे म्हणून भाषांतरही सगळीकडे ‘अंथरणे’ करावे, असा निष्कर्ष कोणी काढू नये असे वाटते. खेळणी कोणी अंथरत नाही. तिथे मराठीत ‘खोलीभर खेळण्यांचा पसारा होता’ असेच म्हटले पाहिजे.

हेतूपूर्वक अंथरण्याचे जुने रूप पाहायचे असेल, तर मध्ययुगीन इंग्लंडमधली घरे डोळ्यांपुढे आणावीत. फरशीवर लव्हाळ्यासारखे गवत पसरलेले असे आणि त्यात वास बरा राहावा म्हणून सुगंधी वनस्पती टाकत. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या वनस्पतींत वेखंडही होते. आपल्याकडे बाळाला उगाळून लावतात तेच वेखंड. राजवाड्यात हे काम करणारी मानाची बाई नेमलेली असे, आणि १८२१ मध्ये चौथ्या जॉर्ज राजाच्या राज्याभिषेकाच्या मिरवणुकीत तिने सहा मुलींसह पुढे चालत वाटेवर फुले आणि सुगंधी पाने टाकली होती. ती क्रिया म्हणजे ‘स्ट्रू’. 

झावळीवाट (वसई)

किनाराकाठ यांनी वाटेवर पाने टाकण्याचा उल्लेख केला, म्हणून लिहितो. आमच्या वसईत ख्रिस्ती घरांत ईस्टरच्या आधीचा रविवार झावळ्यांचा रविवार म्हणून पाळतात. येशू यरुशलेममध्ये आला तेव्हा लोकांनी वाटेवर आपले कपडे आणि झाडांच्या डहाळ्या पसरल्या, त्याची ती आठवण असते, आणि चर्चमध्ये प्रत्येकाच्या हातात झावळीचे पाते असते.

१६११ सालच्या इंग्रजी बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानात या प्रसंगी ‘स्ट्रॉड’ असे क्रियापद आहे. लहानपणी मला वाटे की लोकांनी वाटेवर स्ट्रॉ, म्हणजे पेंढा, टाकला. धातुवेध यांचे लेखन वाचल्यावर आज उलगडा झाला की ते ‘स्ट्रू’चेच जुने रूप आहे आणि पेंढ्याशी त्याचे नाते आहेच, फक्त मला वाटत होते त्या प्रकारचे नाही. चौथ्या शतकात झालेल्या गॉथिक भाषांतरातही मार्काच्या शुभवर्तमानात याच प्रसंगाला याच कुळातले क्रियापद आहे. म्हणजे सोळाशे वर्षांपूर्वी या एका क्रियेसाठी जो शब्द निवडला गेला, तोच पुढे इंग्रजीत टिकला.

मराठीत मात्र आम्ही ‘डहाळ्या पसरल्या’ म्हणतो आणि ‘कपडे अंथरले’ म्हणतो. हे कोणी शिकवलेले नाही, तोंडात तसेच येते. कापडाला अंथरणे आणि डहाळीला पसरणे.

धातुवेध (रत्नागिरी)

किनाराकाठ यांचा आक्षेप मला मान्य आहे. व्युत्पत्तीवरून शब्दाने कोणत्या कोनातून पाहायला सुरुवात केली ते कळते, आज तो कुठे उभा आहे ते वापरावरूनच ठरवावे लागते. माझ्या मागच्या दोन लेखांतून तसा ग्रह होत असेल तर तो दोष माझ्या मांडणीचा आहे.

तरीही हा कोन उपयोगी आहे असे मी आग्रहाने म्हणेन. ‘स्ट्रून’ दिसले की आधी भुई शोधावी, ती किती झाकली गेली ते पाहावे, मग ती कोणी झाकली ते पाहावे, आणि त्यानंतर मराठी शब्द निवडावा. नुसते ‘विखुरणे’ लिहिले की भुई वाक्यातून निघून जाते.

हेतूपूर्वक अंथरण्याची आपल्याकडची दोन उदाहरणे जोडतो. घरात होम असतो तेव्हा गुरुजी अग्नीच्या चारही बाजूंना दर्भ मांडतात, त्याला परिस्तरण म्हणतात. लग्नात मधुपर्काच्या वेळी वराला बसायला दर्भाचे जे आसन देतात ते विष्टर. हाही ‘वि’ अधिक ‘स्तृ’च आहे, आणि आसन या अर्थी त्यात ‘ष’ येतो हे पाणिनीने स्वतंत्र सूत्र करून सांगितले आहे. फारसीतून आलेला बिस्तराही त्याच कुळातला. दर्भाचे आसन आणि गादीचा बिस्तरा हे एकमेकांचे लांबचे भाऊ आहेत, हे मला दर वेळी नव्याने आनंद देते.

आगरातली (केळशी, तालुका दापोली)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री हा संपूर्ण धागा आईला वाचून दाखवला आणि मग आम्ही दोघींनी मिळून तिन्ही वाक्ये पुन्हा लिहिली. धातुवेध यांनी सांगितले तसे आधी भुई शोधली.

पहिल्या वाक्यात पाखाडी आहे. ती बकुळीच्या फुलांनी झाकली गेली आहे, पण कोणी मुद्दाम झाकलेली नाही. फुले झाडावरून आपोआप पडली आहेत, आणि पाहणाऱ्या मुलीला ते सुंदर वाटते आहे. तिथे आम्ही लिहिले: ‘विहिरीकडे जाणाऱ्या पाखाडीवर बकुळीचा सडा पडला होता.’ सडा या शब्दात भुई झाकण्याचा अर्थ आहे, आणि कौतुकही आहे. ‘विखुरलेली फुले’ लिहिले होते तेव्हा चार फुले इकडे आणि चार तिकडे असे चित्र उभे राहत होते, आणि बकुळ तशी पडत नाही. पहाटे विहिरीवर जाताना पाय कुठे ठेवावा असा प्रश्न पडेल इतकी ती पडते, आणि चिऱ्यांच्या सांध्यांत अडकलेली फुले दुपारपर्यंत तांबूस होऊन तिथेच चिकटून राहतात.

तिसऱ्या वाक्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. ‘सडा’ तिथे चालणारच नव्हता, कारण त्या दिवशी आगरात जे पाहिले त्यात कौतुक करण्यासारखे काहीच नव्हते. ‘पसारा’ फार लहान पडत होता. वीस-पंचवीस वर्षे वाढवलेल्या पोफळी मुळापासून किंवा मधोमध मोडून पडल्या होत्या, नारळाच्या झावळ्या त्यांच्यात गुंतल्या होत्या, आणि पाटाचे पाणी कुठून वाहते तेही दिसत नव्हते. आईनेच शब्द दिला: ‘वादळाच्या दुसऱ्या दिवशी आगरभर पोफळींचा खच पडला होता.’ खच म्हणजे नुसते झाकणे नाही, थरावर थर बसणे. इंग्रजी ‘स्ट्रून’पेक्षा हा शब्द जड आहे याची मला जाणीव आहे, पण त्या दिवसासाठी तो खरा आहे, आणि मुलीने फोटो पाहून जे लिहिले त्यापेक्षा आईने डोळ्यांनी जे पाहिले त्याला मी झुकते माप दिले.

दुसऱ्या वाक्यात मी हौसेने ‘गोठ्यात सुका पातेरा अंथरला होता’ असे लिहिले होते, कारण स्तृ धातूपासून निघालेला शब्द स्तृ धातूपासून निघालेल्या शब्दासाठी वापरल्याचे समाधान मिळत होते. भाजावळ यांनीही वाफ्याच्या संदर्भात अंथरणे म्हटलेच आहे. आईने ते ऐकून घेतले, चूक नाही म्हणाली, पण आपल्या घरात पातेरा घालतात, असे पुन्हा एकदा सांगितले. तेव्हा तिथे ‘घातला होता’ असेच ठेवले आहे. तो गोठा तिचा आहे आणि रोज संध्याकाळी तो पातेरा तिनेच घातलेला आहे.

निबंध पूर्ण झाल्यावर भाचीशी फोनवर बोलणे झाले. पातेरा म्हणजे काय, असे तिने विचारले, कारण तिने इंग्रजीत नुसते सुकी पाने म्हटले होते. मी वर्णन करून सांगितल्यावर ती म्हणाली की शाळेत जंगलाच्या धड्यात झाडांखाली साठणाऱ्या सुक्या पानांच्या थराला त्यांना ‘लीफ लिटर’ असे शिकवले आहे. मी तिला किनाराकाठ यांचा लेख वाचून दाखवला आणि लिटर म्हणजे मुळात बिछाना, हे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिने विचारले, “मग आजीच्या गाई त्या पातेऱ्यावर झोपतात का?” झोपतात, असे आईने पलीकडून मोठ्याने सांगितले.